शिडातला पांढरा तुकडा

आमच्या ग्रुपचं नाव ‘जुळवाजुळव’. दोनशे चौदा माणसं, आणि एकजात सगळी जिगसॉची वेडी. कुणी आधी कडा लावून घेतं, कुणी थेट आभाळावर तुटून पडतं, एक महाभाग तर तुकडे पालथे घालून नुसत्या आकारावरून लावतो. गावं वेगळी, वयं वेगळी, पण कुणाचा हजारावा तुकडा बसला की बाकीच्यांना घरात पेढे वाटावेसे वाटतात. ग्रुपची देखरेख माझ्याकडे आहे. म्हणजे सुप्रभातची फुलं टाकणाऱ्यांना मी हाकलून देते. पाठीमागे मला हेडबाई म्हणतात, तेही मला ठाऊक आहे. म्हणेनात का. तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली आहेत. चूक दिसली की मला गप्प बसवत नाही.

दोन वर्षांपूर्वी एका नव्या सभासदानं ग्रुपवर कवळीचा फोटो टाकला होता. खाली लिहिलं होतं, ‘अठ्ठावीस तुकडे. आज जुळले.’ गृहस्थ दातांच्या लॅबमध्ये कामाला होता, कवळ्या बनवायचा. आज वाटतं, विनोद छान होता. तेव्हा मात्र मी सगळ्यांदेखत त्याला झाडलं. ‘हा जिगसॉचा ग्रुप आहे, कवळ्यांचा नाही. पुन्हा दिसलं तर बाहेर.’ त्यानं ‘क्षमस्व’ एवढंच लिहिलं आणि जो गप्प झाला तो झालाच. त्याचं दातवाला हे नाव मात्र ग्रुपवर कायमचं पडलं.

आता दादाचं सांगते. माझा थोरला भाऊ पाट्या रंगवायचा. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या. आमच्या घरात अक्षरं तो काढायचा आणि चुका मी. वहिनी गेल्यापासून आम्ही दोघं एकत्रच राहतो. गेल्या वर्षी त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणं अडखळत, एकेका शब्दानं येऊ लागलं. डॉक्टर म्हणाले, डावा हात कामाला लावा, बोटं चालती ठेवा. पण डाव्या हातात ब्रश धरायचा म्हटलं की दादा भिंतीकडे तोंड करायचा. मी समजावलं, रागावले, दोन दिवस अबोलासुद्धा धरला. शेवटी कपाटातून जिगसॉचा खोका काढला. बंदर, शिडाच्या होड्या, हजार तुकडे. तेव्हा कुठे त्यानं खुर्ची पुढे ओढली.

“हे... झालं,” तो म्हणाला, “की... ब्रश.”

एवढं वचन मला पुष्कळ होतं.

पाच महिने लागले. सुरुवातीला दिवसाला चार तुकडे व्हायचे. एकेक तुकडा चिमटीत धरायला मिनिट-मिनिट जायचं, कपाळावर घाम यायचा. तुकडा खाली पडला तर स्वतःच वाकून उचलणार, मला हात लावू द्यायचा नाही. पुढे दहा झाले, मग वीस, मग तीस. मी रोज फोटो टाकायचे आणि ग्रुपवर लोक वाट बघत बसायचे. ‘आज मधल्या होडीच्या डोलकाठीपर्यंत आले का हो दादा?’ असं विचारणारी माणसं मी जन्मात पाहिलेली नाहीत, पण ती मला घरचीच वाटू लागली होती.

इथं एक गोष्ट कबूल करायला हवी. जिगसॉ लावणाऱ्यांत एक जुनी खोड असते. शेवटचा तुकडा आपल्याच हातून बसावा म्हणून एक तुकडा आधीच लंपास करायचा. दादा लहानपणापासून यात पटाईत. मी पलंगाखाली, कपाटाखाली धुंडाळून रडकुंडीला यायचे आणि मग तो शर्टाच्या खिशातून सावकाश तुकडा काढायचा. मी भोकाड पसरायचे. साठी ओलांडली तरी दादा टेबलाशी असताना शेवटचा तुकडा माझ्या नशिबी कधी आला नव्हता.

म्हणून या वेळी पहिल्याच दिवशी, तुकडे निवडताना, मोठ्या शिडातला एक पांढरा तुकडा मी एप्रनच्या खिशात टाकला. आजारी भावाची जिरवायला निघाले होते, दुसरं काय! अर्थात मनात असंही होतं की तो शोधेल, मी खिशातून काढून दाखवीन आणि तो हसेल. झटक्यानंतर तो हसलाच नव्हता.

पाच महिने तो तुकडा माझ्याजवळ होता. एप्रन बदलला की तुकडाही नव्या खिशात जायचा. भाजी चिरताना, दूध तापायची वाट पाहताना मी त्याच्यावरून अंगठा फिरवायचे. आणि शेवटच्या आठवड्यात, गडबडीत, एप्रन तसाच धुलाई मशीनमध्ये गेला. बाहेर आला तेव्हा खिशात राखाडी रंगाचा लगदा होता.

तीन दिवसांनी दादानं नऊशे नव्व्याण्णवावा तुकडा बसवला. मोठ्या शिडाच्या मधोमध एक भोक. त्यानं टेबलाखाली पाहिलं, खोका झटकला, खुर्चीची गादी उचलली. मग माझ्याकडे वळला आणि डाव्या हातानं आपल्या शर्टाचा खिसा उलटा करून दाखवला.

“मी... नाही,” तो म्हणाला. “शप्पथ.”

त्याच क्षणी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. दादानं टेबलावर चादर ओढली आणि खिडकीकडे तोंड करून बसला. दुसऱ्या दिवशी जेवताना चमचा त्यानं माझ्या हातात दिला. भरव, म्हणून. पाच महिन्यांत कमावलेला हात चार दिवसांत मांडीवर नुसता पडून राहू लागला.

ग्रुपवर मी लिहिलं, ‘शिडातला एक तुकडा हरवला आहे. काय करता येईल?’ कुणी हरवला, ते लिहिलं नाही.

माणसं धावून आली, ती कशी! आभाळवाले काका म्हणून आमचे एक ज्येष्ठ सभासद आहेत. त्यांच्या बैठकीच्या खोलीत हेच चित्र काच लावून टांगलेलं होतं. त्यांनी ती चौकट उकलली, शिडातला नेमका तुकडा काढला आणि दुसऱ्या दिवशी कुरियरनं पाठवला. बसला नाही. चित्र तेच, पण कापायचा साचा वेगळा. काकांनी उलट मलाच धीर दिला, ‘माझ्या शिडाला भोक राहिलं तरी वारा अडत नाही, तुम्ही काळजी करू नका.’ मी त्यांचा तुकडा कापसात गुंडाळून परत पाठवला.

त्याच दुपारी दोन वर्षं गप्प असलेल्या माणसानं लिहिलं, ‘ताई, बोलू का?’

मी खजील झाले. ‘बोला’ लिहिलं.

‘तुकडा मी बनवून बघतो. दात गेलेल्या जागी दात बसवणं हेच माझं काम आहे.’

चौथ्या दिवशी त्याचं पार्सल आलं. दोन डब्यांत दातांचा ठसा घेतात ती मऊ पुटी, पीठ मळतो तशी एकत्र मळायची; काही मिनिटांत घट्ट होते. भोकात पातळ प्लॅस्टिक घालून ती दाबायची, म्हणजे भोकाचा ठसा निघतो. सोबत एक पट्टी होती, तिच्यावर ओळीनं सोळा खोटे दात, प्रत्येकाचा पांढरा वेगळा. चिठ्ठीत लिहिलं होतं, ‘फोटोतल्या पांढऱ्यावर माझा विश्वास नाही. सकाळच्या उजेडात, खिडकीशी, शिडाला एकेक दात लावून बघा. दिवा लावू नका.’

दादा आंघोळीला गेला की मी चादर उचलायचे आणि खोटे दात शिडाला लावून बघत बसायचे. कुणी पाहिलं असतं तर माझ्यासाठी वेगळ्या डॉक्टरांना बोलावलं असतं. पण खरं सांगते, आयुष्यभर मी काळ्या अक्षरांकडे पाहिलं. पांढऱ्यात इतकं काही असतं हे मला त्या पट्टीनं शिकवलं. तिसरा दात जास्त पिवळा, पाचवा राखेकडे झुकणारा, दुसरा अगदी जवळचा. मी भोकाचा ठसा परत पाठवला आणि कळवलं, ‘दुसरा. पण डावीकडचा वरचा कोपरा किंचित निळसर हवा. आणि खालच्या कडेला दोराचं टोक आहे, केसाएवढं.’

उत्तर आलं ते ग्रुपवर नाही, माझ्या एकटीच्या फोनवर.

‘ताई, तुम्ही टाकलेल्या खोक्याच्या फोटोत हा दोर दिसत नाही, मी मोठा करून पाहिलं. आणि हजारातला एक पांढरा तुकडा कुणाच्या इतका लक्षात राहत नाही. तो तुमच्याजवळ होता का?’

सकाळचे दहा वाजले होते, दूध उतू जात होतं आणि मी तशीच उभी. दोन वर्षांपूर्वी मी या माणसाला भर चौकात झाडलं होतं. आता त्याला परतफेड करायला दोनशे चौदा माणसांची सभा तयार होती. त्यानं मला बाजूला घेऊन विचारलं. मी सगळं लिहिलं. खिसा, एप्रन, मशीन, लगदा, दादानं उलटा करून दाखवलेला खिसा.

सांडलेलं दूध पुसून होईपर्यंत उत्तर आलं. ‘बरं झालं सांगितलंत. आता रंग बरोबर येईल.’ आणि त्याखाली, ‘दादांना सांगायचं की नाही ते तुमच्यावर. माझ्याकडून कुठे जाणार नाही.’

त्या दिवशी मला कळलं की मी ग्रुपमध्ये नियम सांभाळत होते आणि हा माणूस काहीही न बोलता माणसं सांभाळत होता.

दहा दिवसांनी कवळी ठेवतात तसल्या छोट्या डबीत तुकडा आला. पातळ पुठ्ठ्याचे थर एकावर एक चिकटवून, दाबून, दात घासतात त्याच बारीक यंत्रावर कडा घासलेल्या. वर पांढरा. दुरून नुसता पांढरा. जवळ नेला की कोपऱ्यात निळ्याची झाक आणि कडेला दोराचं ते केसाएवढं टोक. माझ्या अंगठ्याला पाच महिने ठाऊक असलेला तुकडा डबीतून माझ्याकडे बघत होता. हा चौथा. आधीचे तीन त्याला पसंत पडले नव्हते, त्यांचा फोटो त्यानं मला पाठवला होता. मला चारही तुकड्यांत फरक दिसला नाही. त्याला दिसला, म्हणून तर तो तो आहे.

मी डबी दादासमोर ठेवली.

दादानं तुकडा डाव्या चिमटीत घेतला. उजेडात धरला. तिरका केला. पालथा केला, पुन्हा सुलटा. चाळीस वर्षं पाट्यांना पांढऱ्या रंगाचा हात दिलेला माणूस. त्याला फसवणं सोपं नाही.

“बनव...लेला,” तो म्हणाला.

“हो.”

“कुणी?”

“आमच्या ग्रुपवर एक दातवाला आहे. त्यानं.”

दादानं तुकडा पुन्हा उजेडात धरला. मग म्हणाला, “बाप... माणूस.” झटक्यानंतर इतक्या मनापासून बोलताना मी त्याला ऐकलं नव्हतं.

तो उठला, चादर स्वतःच बाजूला सारली आणि तुकडा भोकावर नेला. तिथं थांबला. मग त्यानं हात वळवला आणि तुकडा माझ्यापुढे धरला.

“ढमे,” तो म्हणाला. लहानपणी मी गुबगुबीत होते म्हणून हे नाव. हल्ली त्याला ते जमत नसे. “तू... लाव. नेहमी... मीच. आता... तू.”

मग मात्र मला राहवलं नाही. रडत-रडत मी सगळं सांगून टाकलं. तुझी जिरवायची होती, दादा. पहिल्याच दिवशी खिशात घातला. माझ्याच हातून धुतला गेला. तू शपथ घेतलीस तेव्हा मी गप्प राहिले.

दादाच्या तोंडाची डावी बाजू आधी हलली, मग खांदे. मी घाबरले, पाणी आणायला धावले. पण तो हसत होता. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होता, आणि डाव्या हातानं आपला रिकामा खिसा थोपटत होता.

“माझीच... बहीण,” तो म्हणाला. “लाव... चोरटे.”

मी तुकडा ठेवला, त्यानं वरून अंगठा दाबला. टक्. शीड भरलं. हात पुसायलाही न थांबता त्यानं डावा पंजा माझ्यापुढे पसरला.

“ब्रश.”

ग्रुपवर त्या संध्याकाळी मी सगळं खरं लिहिलं, माझं नाव घालून. आभाळवाल्या काकांची माफी मागितली, दातवाल्याची त्याहून मोठी. कुणी मला बोललं नाही. उलट एकोणीस जणांनी आपापले लपवलेले तुकडे कबूल केले.

गेल्या बुधवारी दातवाल्यानं दोन वर्षांनी पुन्हा एक फोटो टाकला. त्याच्या लॅबमधलं टेबल, टेबलावर ओळीनं कवळ्या, आणि वर भिंतीवर एक नवी पाटी. पाटीवर दोनच शब्द, ‘बाप माणूस’. अक्षरं वाकडी, एक लहान एक मोठं, शेवटचं जागा न पुरल्यामुळे कोपऱ्यात चेंगरलेलं. दादाला ती रंगवायला अकरा दिवस लागले, आणि मी त्यात एकही चूक काढली नाही.

नुकत्याच आलेल्या एका सभासदानं लगेच विचारलं, ‘यात जिगसॉ कुठं आहे? नियम आहेत ना इथं?’

मी लिहिलं, ‘नियम मी केले आहेत. हा फोटो इथून हलणार नाही.’