पोरगी जर्मनीले चालली

प्रणाली अकोल्याच्या एका खासगी दवाखान्यात चार वर्षं नर्स होती. तिच्या गावी, तिवशात, मात्र ही गोष्ट फुटू नये म्हणून तिचे वडील भगवंतराव डोळ्यात तेल घालून जपत. कुणी विचारलंच तर 'पोरगी ऑफिसात आहे' म्हणून सांगत आणि विषय सोयाबीनवर नेत.

तरी अमरावतीच्या खुशालरावांना ते कळलंच. ते निवृत्त मुख्याध्यापक. मुलगा कुलदीप याच्यासाठी प्रणालीला पाहायला आले, पोहे पसंत पडले, पोरगीही पडली. मग नोकरीचं निघालं आणि त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. रात्रपाळी, परक्या माणसांची अंगं पुसणं, त्यांचं शौचाचं भांडं धरणं, असं काही आमच्या घरात बसत नाही, म्हणाले. आतल्या खोलीत प्रणालीने प्रत्येक शब्द ऐकला. दुसऱ्या दिवशी ती ड्युटीवर गेली आणि त्याच महिन्यात तिने अमरावतीत जर्मनचा क्लास लावला. दर सुट्टीला पहाटेची एसटी धरायची, प्रवासभर शब्द घोकायचे. एकदा नापास झाली, पुन्हा बसली, पास झाली. शेवटी तिकडच्या एका नर्सिंग शाळेचं पत्र आलं. तीन वर्षांचं शिक्षण आणि सोबत दवाखान्यात काम.

तिवशाच्या चौकात बॅनर लागला. 'उच्च वैद्यकीय शिक्षणासाठी जर्मनीस प्रयाण.' त्यावर भगवंतरावांचा फोटो प्रणालीच्या फोटोपेक्षा मोठा होता.

आठ दिवसांत खुशालराव कुलदीपला घेऊन पुन्हा हजर. कुलदीप सहा वर्षांपासून स्पर्धा परीक्षा देत होता, आणि त्या परीक्षांना अजून त्याची योग्यता कळली नव्हती. खुशालरावांनी रुग्णसेवेच्या थोरवीवर पाऊण तास भाषण दिलं. मागचं सारं गैरसमजातून झालं म्हणाले. लग्न उरकून दोघांनी सोबतच जावं, असंही त्यांनी परस्पर ठरवून टाकलं.

भगवंतराव विरघळत चालले होते. प्रणाली चहाचा ट्रे ठेवून तिथंच खुर्ची ओढून बसली.

"काका, तिकडं बी मी तेच करणार आहो. म्हाताऱ्या माणसायची अंगं पुसणं, भांडं धरणं."

"तिकडं तं मशीन असतीन सारे," खुशालराव म्हणाले.

"नाही. हातानंच करा लागते."

"तरी बी बाई, तिकडची गोष्ट येगळी."

"कावून येगळी?"

खुशालराव चष्मा शोधू लागले. तो त्यांच्या नाकावरच होता. प्रणाली कुलदीपकडे वळली.

"तुमी आले तं तुमाले बी सुरुवातीले असंच काम भेटन. करसान?"

कुलदीपने आधी वडिलांकडे पाहिलं, मग बशीकडे.

"मले रक्त पाह्यलं की चक्कर येते," तो म्हणाला.

"रक्ताचं नाही म्हणत मी."

पाहुणे निघाले तेव्हा उन्हं अजून चांगलीच वर होती. भगवंतराव दोन दिवस लेकीशी बोलले नाहीत. खुशालरावांनी मात्र वेळ वाया घालवला नाही. पंधरवड्यात त्यांनी कॅनडाला निघालेली एक मुलगी अकोल्यातच हेरली, असं कानावर आलं.

प्रणाली सप्टेंबरात गेली. पहिल्याच आठवड्यात नव्वदीच्या एका बाईंना आंघोळ घालताना तिचं व्याकरण इतकं चुकलं, की बाई साबणाच्या फेसातच हसत बसल्या. प्रणालीलाही हसू आलं. तिथं आल्यावर पहिल्यांदाच.

त्या रविवारी भगवंतरावांचा फोन आला. हवापाणी, जेवणखाण विचारून झालं. मग त्यांनी विचारलं, "दिवसभर काय काय करा लागते तुले?"

चार वर्षांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं. प्रणालीने सांगितलं. काही गाळलं नाही, काही गोड केलं नाही. पलीकडून अधूनमधून नुसता हुंकार येत राहिला, पण फोन काही त्यांनी ठेवला नाही.