खोचलेलं कापड

बसा हो, घाई काय पेटलीय? एका शिंप्याची गोष्ट सांगतो. मोठी नाही, चहा निवायच्या आत संपेल. रडायचं काही नाही तिच्यात, तो स्वतःच रडला नव्हता.

मास्तर म्हणतात त्याला सगळे. बायको गेली तेव्हा लोक म्हणाले, रडून घे, मोकळा होशील. पण याच्या डोळ्यांत टिपूस नाही. बोटात सुई घुसली तरी आधी रक्त दिसायचं, मग कळायचं टोचली म्हणून. रविवारी चर्चला जायचा, शेवटच्या बाकावर बसायचा, गाणी म्हणायचा. सगळं तोंडानं. आत म्हणाल तर रिकामं रीळ फिरतंय.

एकदा चर्चचे पाळकसाहेब दुकानात आले. हातात पांढरा शर्ट, कॉलरीचे दोरे सुटलेले.

"मास्तर, एवढी कॉलर उलटवून द्या."

जुन्या शिंप्यांची ही रीत. कॉलर झिजली की उसवायची, आतली कोरी बाजू वर घ्यायची, परत शिवायची. शर्ट आणखी दोन वर्षं ओढतो.

"देतो. आणि साहेब, या रविवारपासून मी येत नाही. तिथं बसतो अन् काही वाटत नाही. देवाला फसवल्यासारखं होतं."

"देवाची दया रोज सकाळी ताजी असते, मास्तर."

"असेल. आमच्याकडे शिळीच पोचते."

पाळकसाहेब हसले, पण ते हसू लगेच विझलं. "बरं, तुम्ही नका येऊ. शर्ट मात्र रविवारी पाहिजे. दुसरा घालायच्या लायकीचा राहिला नाही."

शनिवारी मास्तरनं कॉलर उसवली आणि हात थांबला. आतली बाजूही झिजलेली. ही एकदा उलटवून झाली होती, आणि टाके बायकोचे. शेवटाला तीन-तीन गाठी मारायची ती. हा म्हणायचा, "अगं, शर्ट शिवतेस की बैल बांधतेस?" उसवायच्या आधी बघायला हवं होतं. कॉलर एकदाच उलटते, कापडाला तिसरी बाजू नसते. आता शर्ट बोडका आणि रविवार उद्यावर.

गाठींकडे बघत बसला. वाटलं, आता तरी रडू येईल. नाही आलं.

मग त्यानं शर्टाचा खालचा घेर वर घेतला. हा भाग कायम पँटीत खोचलेला. ना ऊन, ना घासणं. करकरीत. तिथून कॉलरीपुरतं कापलं आणि खाली जुन्या चादरीचा तुकडा जोडला. तिथं कोण बघतंय?

रविवारी शर्ट द्यायला स्वतःच जावं लागलं. पाठवणार कुणाच्या हाती? चर्चच्या मागच्या खोलीत पाळकसाहेबांनी तो घातला, आरशात पाहिलं. शर्टाचं अंग पिवळट, कॉलर पांढरीफेक.

"नवीन कापड घातलंत?"

"नाही. तुमच्याच शर्टाचं. खोचलेलं होतं, म्हणून दिसलं नाही."

पाळकसाहेबांनी तोंड उघडलं तसा मास्तर म्हणाला, "इथं प्रवचन नको. मला अजून काही वाटत नाही."

"नाही करत. वरचं बटण तेवढं लावून द्या."

खोलीतून बाहेर पडायची वाट चर्चमधूनच होती, आणि लोक उभे राहिले होते. मधूनच निघून जाणं बरं दिसेना, म्हणून हा शेवटच्या बाकाशी थांबला. गाणं म्हटलं, तोंडानंच. पाळकसाहेबांनी प्रार्थनेला हात वर केले तेव्हा याची नजर कफांवर गेली. दोन्ही विरलेले. खाली घेरात अजून कापड आहे, याच्या मनात आलं, पुढच्या रविवारपर्यंत होतील.

मग त्याच्या ध्यानात आलं. ती गेल्यापासून पुढचा रविवार डोक्यात आला तो आजच.

आनंदबिनंद काही झाला नाही हो. पाय झोपला की मुंग्या येतात ना, तेवढंच. मान खाली घालून म्हणाला, "प्रभू, एवढंच कापड आहे. तू बघ."

तर माझं एक काम करा. त्याच्या दुकानावरून गेलात तर 'आता बरं वाटतं का' असलं काही विचारू नका. एखादा विरलेला शर्ट पुढे टाका. आणि 'सवडीनं द्या' म्हणू नका, रविवारी पाहिजे म्हणून सांगा.