दहावा शार्क

सांगवीच्या अनुयाला शाळेच्या प्रदर्शनात वर्गातल्या मिहिरला हरवायचं होतं. संशोधकांच्या फोटोंतून त्याने नऊ पांढरे शार्क ओळखले होते, तिने दहा.

"तिसरा आणि दहावा जुळे भाऊ का गं?" पद्मजाआजीने फोटो बघत विचारलं. चाकणच्या कारखान्यात गिअर तपासण्यात तिची सगळी नोकरी सरली होती.

"आजी, शार्क सगळे सारखेच दिसतात."

"हो का? प्रत्येकाच्या पाठीवरच्या पराला वेगळ्या खाचा असतात, हे काल मला कुठल्या बाईंनी शिकवलं मग?"

अनुयाने भिंग लावलं. दोन्ही परांवर त्याच तीन खाचा होत्या. एकच शार्क तिने दोनदा मोजला होता. तोंड पाडून तिने दहाचे नऊ केले आणि लगेच फोन लावला.

"मिहिर, तुझ्या शार्कांच्या खाचा तपासल्यास का? नीट तपास!"