हागिवारांची धार

तोकुजीने कानस स्नोबोर्डाच्या नाकापासून शेपटीकडे ओढली आणि अर्ध्यावर ती कर्रकन अडखळली. त्याने पोलादी कडेकडे असं रोखून पाहिलं, जणू आगळीक तिनेच केली होती.

"थंडीनं पोलादही आखडतं," तो म्हणाला. "माणसासारखंच."

त्याची मुलगी शिहो शेजारच्या टेबलावर मेणाच्या वड्या मांडत होती. तिने मान वर केली नाही. "हो ना," एवढंच म्हणाली.

तोकुजीने पुन्हा सुरुवात केली. कडेवर काळ्या पेनाने शाई भरायची, मग कानस ओढायची. शाई सगळीकडून सारखी निघाली तर धार सारखी बसली. जिथे राहिली तिथे काम राहिलं. ही त्याची रीत. जपानमधल्या निगाता प्रांतातल्या या डोंगराळ गावात ज्याने म्हणून स्नोबोर्डावर पाय ठेवला, त्याच्या बोर्डाला कधी ना कधी हागिवारा तोकुजीची कानस लागली होती, आणि ही गोष्ट तो कुणालाही विसरू देत नसे. हिवाळ्याच्या तोंडावर त्याच्या मेंदूत बारीकशी गुठळी झाली. जीव वाचला, पण उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं बधिर झाली, हात मधूनमधून थरथरू लागला. डॉक्टर म्हणाले, हाताला जपा. तोकुजी म्हणाला, कानस कशाशी खातात हे त्या डॉक्टरला ठाऊक तरी आहे का! आणि घरी आल्या आल्या शेडमध्ये जाऊन उभा राहिला.

उद्या ताकाने नावाच्या डोंगरावर प्रांताच्या संघाची निवड होती. पहिल्या चार जणी संघात जाणार. शिहोने तिशी ओलांडली होती. गावच्या शेतकी सोसायटीतल्या साहेबाने तिला स्पष्टच सांगितलं होतं, हिवाळाभराची रजा ही शेवटची. संघात आलीस तर प्रश्नच नाही, नाहीतर वसंतापासून बियाण्यांच्या काउंटरवर बसायचं आणि बोर्ड रविवारपुरता.

बोर्डही त्यासाठीच नवा घेतला होता. नागाओकाच्या दुकानात तोकुजीने एकेक बोर्ड गुडघ्यावर टेकवून वाकवून पाहिला, तेव्हा विक्रेत्या पोराचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. "काका, कारखान्यातूनच धार लावून येतात हे. एकदम तयार," तो म्हणाला. "तयार असतो तो दुकानातला डबा," तोकुजी म्हणाला. "जेवण घरीच शिजवावं लागतं." घरी आल्यावर त्याने बूट अडकवायची मागच्या पायाची पकड केसभर वळवली, कारण वळणात शिहोचा गुडघा आत पडतो हे तो ती शाळेत होती तेव्हापासून पाहत आला होता. त्या केसभराने ती दोन लहान स्पर्धा जिंकली. निदान तोकुजी सगळ्यांना असंच सांगत होता.

"मेणावर इस्त्री फिरवायच्या आधी पकडींचे स्क्रू ढिले कर," तो म्हणाला. "नाहीतर तळाला खळगे पडतील."

"केलेत, बाबा."

"आणि उद्याच्या थंडीला निळं मेण. लाल मेणाला हात लावू नकोस."

"निळंच काढलंय."

दार ढकलून फुमिए आत आली. तिच्या हातात टॉवेल आणि साबण घातलेली लाकडी टोपली होती.

"अहो, सोडा आता. कुंडावर जा, पाठ शेकून या."

"मेण व्हायचंय अजून."

"मेण ती लावेल. पाणी निवून जाईल तिकडे."

"माझ्या पणजोबांपासून ते पाणी निवलं नाही, ते आजच निवणार होय?"

"सुंभ जळला तरी यांचा पीळ काही जात नाही," असं म्हणत फुमिएने टोपली नवऱ्याच्या हातात कोंबली.

तोकुजीने फडक्याने कड पुसली आणि तिच्यावर अंगठ्याचं नख आडवं घासलं. नखाचा पांढरा भुगा पडला. झालं तर मग! तो समाधानाने हसला आणि बर्फाळ गल्लीतून गावच्या गरम पाण्याच्या कुंडाकडे निघाला.

कुंडात कुमागाइ आधीच गळ्यापर्यंत बुडून बसला होता. तो शेजारच्या गावच्या मुलींना शिकवत असे आणि शाळेपासूनचा तोकुजीचा दोस्त होता, म्हणजे तोंडाने शत्रू.

"तोकू, खरं सांग, औषध कुठलं घेतोस?"

"का रे?"

"मागच्या रविवारी शिहोचा बोर्ड हातात घेतला होता मी. असली धार तू तिशीतसुद्धा लावत नव्हतास."

"हातच्या कांकणाला आरसा कशाला? लागोपाठ दोन जिंकली पोरगी."

"गर्वाचं घर खाली, बरं का."

"तू आधी तुझ्या पोरींच्या बोर्डांचा गंज काढ. ओले बोर्ड पिशवीत कोंबून ठेवतात त्या. मग मला शहाणपण शिकव."

कुमागाइ पाणी उडवत हसला. तोकुजी कातडी लाल होईपर्यंत बसून राहिला. अशी धार तिशीतसुद्धा नव्हती! आजारी माणसाला याहून गोड काय ऐकवणार? तो घरी परतला तो रोजच्यासारखा शेडकडे न फिरकता पुढच्या दाराने, कारण फुमिए भात वाढून त्याची वाट पाहत बसलेली असे.

सकाळी ताकानेवर आभाळ भरून आलं होतं. उतारावर शेजारीशेजारी दोन वाटा आखल्या होत्या, एक लाल झेंड्यांची, एक निळ्या. दोन्ही वाटांवरून एकेकदा यायचं, दोन्ही वेळा मिळून ज्या चौघींना कमीत कमी वेळ लागेल त्या संघात. शिहो लाल वाटेवरून सफाईने खाली आली. फलकावर तिचं नाव सहावं लागलं. चौथीमध्ये आणि तिच्यात पापणी लवण्याएवढंच अंतर होतं.

"निळ्या वाटेवर काढेल भरून," तोकुजी फुमिएने दिलेला भाताचा गोळा खाता खाता म्हणाला. त्याला तिळमात्र शंका नव्हती.

पण तेवढ्यात आयोजकांची माणसं पोती घेऊन वर चढताना दिसली. सकाळपासूनच्या फेऱ्यांनी निळी वाट भुसभुशीत झाली होती, म्हणून ते तिच्यावर मीठ पसरत होते. मीठ पडलं की बर्फ आधी रडतं आणि मग असं आवळून घट्ट होतं की त्यावर टाचही रुतत नाही. कुमागाइने आपल्या मुलींना हाका मारायला सुरुवात केली. जिकडे तिकडे पिशव्या उघडल्या, कानशी बाहेर आल्या.

"तुझा बोर्ड आण इकडे," तोकुजी ओरडला. "हत्यारांची पिशवी गाडीतून घेऊन ये!"

शिहोने बोर्ड त्याच्या मांडीवर ठेवला आणि ती गाड्यांच्या रांगेकडे पळाली. स्पर्धेच्या ठिकाणी ती एरवी बोर्ड त्याच्या हाती देत नसे. वेळही नसे आणि गरजही पडत नसे. तोकुजीने बाहीने कडेवरचं बर्फ पुसलं. पोलाद जिथे बोर्डाच्या अंगाला चिकटतं, तिथे नाकाजवळ शाईचा एक ओघळ राहून गेला होता.

शाई निळी होती.

त्याने तो ओघळ नखाने खरवडून पाहिला. तोकुजीने उभ्या जन्मात काळ्याशिवाय दुसरा पेन वापरला नव्हता. काल काळी शाई भरली, काळी काढली, कड स्वतः पुसली. म्हणजे त्यानंतर कुणीतरी शाई भरली होती आणि कानस ओढली होती. कधी? तो कुंडावर गेला तेव्हा. आणि काल तरी तो आपणहून कुठे गेला होता, त्याला पाठवलं होतं. काल, परवा, अख्खा हिवाळाभर टोपली हातात कोंबून पाठवलं होतं.

त्याला राग आला. वाटलं, बोर्ड इथेच बर्फात टाकावा आणि बस पकडून घरी जावं. मायलेकींनी मिळून आपल्याला पोराटोरासारखं खेळवलं! रागामागून लाज आली, ती थेट कानापर्यंत चढली. आपण खुळखुळा दिलेल्या बाळासारखे कानस घेऊन खेळत होतो, आणि वर कुंडात बसून छाती फुगवत होतो. धार तिशीतसुद्धा नव्हती अशी. नव्हतीच ती. त्याची नव्हतीच.

सुतार फळी पाहतो तसा त्याने बोर्ड डोळ्याला लावला. खोड काढायचीच म्हणून पाहिलं. कड नाकापासून शेपटीपर्यंत एका रेषेत गेली होती, कुठे पायरी नाही, कुठे लाट नाही. नाकाशी वीतभर धार बोथट केली होती, तशी त्यानेच शिकवली होती. शेपटीकडे मात्र जवळजवळ टोकापर्यंत धार ठेवली होती. हे त्याने शिकवलं नव्हतं. हे चुकलंय, असं त्याच्या ओठांवर आलंसुद्धा. मग त्याला आठवलं की शिहो वळणातून उशिरा सुटते, शेवटपर्यंत शेपटीवर भार ठेवून. तिला तिथे पकड हवीच. पायाच्या पकडीचा केसभर कोन त्याने हुडकला होता; हे तिने स्वतः हुडकलं होतं, आणि त्याला पत्ताही लागू दिला नव्हता.

शिहो धापा टाकत परत आली. तिने गुडघ्यावर बसून पिशवी उघडली, कानस काढली आणि दांडा पुढे करून वडिलांसमोर धरली.

"बाबा, धार जरा जास्त लागेल. मीठ टाकलंय."

पाच पावलांवर कुमागाइ त्याच्या मुलींसह उभा होता आणि इकडेच पाहत होता. हागिवारा काय करतो ते बघा गं, असं तो हळूच म्हणाला.

तोकुजीने कानशीकडे पाहिलं, मग मुलीकडे. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. इथे कुंड नव्हतं, टोपली नव्हती. तो आता जे करील तेच पायाखाली घेऊन तिला खाली यायचं होतं. संघ, हिवाळाभराची रजा, बियाण्यांचं काउंटर, सगळं त्या एका कडेवर होतं, आणि त्याचा हात कसा आहे हे तिच्याएवढं जगात कुणाला ठाऊक नव्हतं. तरी ती चारचौघांत त्याच्यासमोर कानस धरून बसली होती. हात मागे घेत नव्हती.

वेडी पोर, तोकुजीच्या मनात आलं. तो खाकरला.

"तू कर."

"अं?"

"तू कर म्हटलं. माझ्यापेक्षा तुला घाई आहे. मी धरतो."

शिहो त्याच्याकडे बघतच राहिली. तिची नजर बोर्डाच्या नाकाकडे गेली, त्या निळ्या ओघळावर थांबली आणि चटकन खाली वळली.

"बाबा, मी..."

"नंतर बोल. वेळ किती उरलाय?"

"काय तोकू," कुमागाइ पुढे येत म्हणाला, "हात गारठला का?"

"हाताला काय धाड भरलीय?" तोकुजी मोठ्याने म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "हिवाळाभर तिच्या बोर्डाला तीच धार लावतेय. तुला डोळे आहेत की नाहीत? माझी धार आणि तिची धार ओळखता येत नाही, आणि म्हणे पोरींना शिकवतो!"

कुमागाइच्या मुलींपैकी एक फिसकन हसली.

तोकुजी बर्फात मांडी घालून बसला. इथे शेडमधला शिकंजा नव्हता, म्हणून त्याने बोर्ड कडेवर उभा केला, एक कड मांडीच्या बेचक्यात रुतवली, दुसरी वर आणली. शिहोने खिशातून निळा पेन काढला, जरा घुटमळली, मग दातांनी टोपण उपटून भराभरा शाई भरली. वरून कर्ण्यावर नावं पुकारायला सुरुवात झाली होती. तिच्या आधी फार जणी उरल्या नव्हत्या.

तिने कानस ठेवली आणि ओढली. बधिर बोटांना त्यातलं काही कळलं नाही. पण बोर्ड छातीला टेकला होता, आणि कोटातून, सदऱ्यातून ती ओढ त्याच्या फासळ्यांना कळली. नाकापासून शेपटीपर्यंत एकच सूर, मध्ये कुठेही न अडखळता. त्याच्या वडिलांची कानस अशी चालायची. त्याची स्वतःचीही, गेल्या वर्षापर्यंत.

"शेपटीला टोकापर्यंत ने," तो म्हणाला. "तुला तिथे लागते."

शिहोचा हात क्षणभर थांबला. तिने बाहीने नाक पुसलं आणि पुन्हा कानस लावली. तोकुजीचा उजवा हात थरथरू लागला होता आणि त्याच्याबरोबर बोर्डाचं टोकही.

"बाबा, हलू नका," ती कामाच्या तंद्रीत म्हणाली, अगदी तो आजवर साऱ्या गावाला म्हणत आला होता त्याच सुरात.

तोकुजीने दोन्ही हातांनी बोर्डाला मिठी मारली, हनुवटी त्यावर दाबून धरली, आणि तिचं नाव पुकारलं जाईपर्यंत तो जागचा हलला नाही.