दहा मिनिटांपूर्वीचं पाणी

टपरीत भरलेल्या बॅटऱ्या दोन, अर्धी एक. चालू सर्किट बोर्ड एक, जळालेला एक. केबल एक. लॅपटॉपमध्ये चार्ज एकोणीस टक्के. तळलेले बाउरसाक-पाव सहा, सुक्या दह्याचे म्हणजे कुर्ताचे खडे मूठभर. बाहेर घोडे दोन. तीन वाजायला एक तास वीस मिनिटं.

"तीनला निघायचं म्हणजे निघायचं," तुर्सुनबेक अगा म्हणाला. अठरा वर्षं तो या तळ्याचा राखणदार होता. "नंतर ओढा घोड्याच्या पोटाला लागतो. मग बस इथंच, बर्फाशी गप्पा मारत."

भोंग्याचं यंत्र बसवायला आलेल्या अकमरालने लॅपटॉपवरून मान वर केली नाही. हिमनदीच्या पायथ्याचं हे तळं फुटलं, तर खालच्या दरीतल्या अकरा युर्तांना, लोकरी तंबूंतल्या बिऱ्हाडांना, पळायला चाळीस मिनिटं होती. तीही भोंगा वाजला तर. त्यातल्या एका युर्तेत अगाची सून, बाळंत होऊन नववा दिवस. या उन्हाळ्यात दोनदा उगाच हाकाटी झाली, सगळी बिऱ्हाडं डोंगर चढून उतरली. आता भोंगा ऐकल्याशिवाय हलणार नाही, असं त्यांनी अगाला तोंडावर सांगितलं होतं. आणि आज ही दोघं उतरली, की एकोणीस दिवस वर कुणीही नसणार.

सर्किट बोर्डावरच्या चिपचं काम एवढंच होतं: दहा मिनिटं झोपायचं, उठून पाणी मोजायचं, मागच्या मापाशी ताडून पाहायचं. दोन सेंटिमीटरहून जास्त चढलं असेल तर भोंगा. टपरीतल्या बादलीत हे तेवीस वेळा बिनचूक झालं होतं. काठावर पाच वेळा मापनळी मुद्दाम खोल सोडली, भोंगा गप्प. अगाच्या हातातल्या छोट्या यंत्रावर दर वेळी तेच उमटायचं: मागचं माप शून्य. म्हणजे चिपच्या लेखी हे पहिलंच माप, ताडायला काही नाही.

"आमच्या सुनेसारखंच हे," अगा म्हणाला. "घरात पोपट, बाहेर मुकी."

"अगा, बाहेर काय वेगळं आहे? पाणी तेच, बॅटरी तीच."

"आत ती दोरी असते."

अकमरालने केबलकडे पाहिलं. केबल जोडलेली असली की चिप गाढ झोपतच नाही. लॅपटॉपला उत्तर द्यायला अर्धवट जागी राहते, मेमरी शाबूत. केबल काढली की खरी झोप, मेमरीची वीज बंद. उठते ती कोरी. तेवीस वेळा तिने न लागलेली झोप तपासली होती.

"मग झोपूच देऊ नकोस मेल्याला."

"दीड दिवसात बॅटरी संपेल, अगा. मग भोंगा कोण वाजवणार?"

गाढ झोपेतही जिवंत राहणारा मेमरीचा एक कोपरा होता, जेमतेम वीस कप्प्यांचा. तिने माप तिथे ठेवायला लावलं, केबल काढली, दहा मिनिटं दगडावर बसून राहिली.

शून्य.

दोन वाजून बावीस मिनिटं. चार्ज नऊ टक्के. अगा खोगिराचे पट्टे आवळू लागला होता.

तिने पुन्हा केबल लावली आणि तो कोपरा वाचून पाहिला. वाचता येत होता. लिहिलेलं मात्र तिथे नव्हतंच. गेलं कुठे? चूक झाली असं चिपने कुठेही म्हटलं नव्हतं. मग आठवलं: त्या कोपऱ्याला लिहिण्यापुरतं कुलूप असतं, आणि ते दर जागेपणी आपोआप लागतं. कुलूप न काढता लिहिलं तर चिप मुकाट्याने फेकून देते. कुलूप काढायची ओळ एकच. ती लिहून प्रोग्रॅम चढवला, तेव्हा चार्ज तीन टक्के होता. पडदा काळा झाला.

दोन एकेचाळीसला काठावर पहिलं माप झालं.

"अगा, नळीपाशी उभे राहा. मी सांगितलं की पाच सेंटिमीटर खाली सोडा. आधी नको."

"कळलं गं. म्हातारा झालोय, बहिरा नाही."

अगाने खिशातला कुर्ताचा खडा तिला दिला; तिने तो नुसता मुठीत धरला. ती हात वर करणार इतक्यात दुसऱ्या हातातलं यंत्र उजळलं. दोन एक्कावन्न झालेसुद्धा.

मागचं माप २१४.६.

शून्य नव्हतं. तिचे डोळे भरून आले.

"किती सोडलीत नळी?"

"सोडली कुठे? तू सांगितलंसच नाहीस."

तिने खालची ओळ वाचली.

आताचं माप २१७.३. फरक २.७ सेंटिमीटर. भोंगा चालू.