टिपकागदावरची काकू

रविवारी सकाळी आठच्या आतच सायकलच्या दुकानावरचा हॉल भरून जायचा. अरुंद जिन्यावर माणसांची रांग आणि रांगेतला प्रत्येक चेहरा तुळतुळीत. एरवी असे चेहरे खाली मान घालून चालतात. इथे मात्र ते मोठ्या दिमाखात मिरवत होते, कारण तेल जितकं जास्त तितकी अक्षरं स्वच्छ, असं महाराजांनी सांगून ठेवलं होतं. आदल्या रात्रीपासून तोंड धुवायचं नाही हा पहिला नियम.

लोक त्यांना टिपकागद महाराज म्हणत. समोर बसलेल्याच्या कपाळावर आणि गालांवर ते वीतभर पांढरा कागद दाबत, डोळे मिटून काहीतरी पुटपुटत आणि मग तो कागद खिडकीकडे धरत. तेल पिऊन कागद काचेसारखा झालेला असे आणि त्याच्या मधोमध गडद अक्षरं उमटलेली दिसत. 'वहिनी'. 'सासू'. 'शेजारीण'. ज्या बाईच्या नजरेने चेहरा बिघडला ती बाई, असा त्याचा अर्थ. हॉलभर चुकचुकाट व्हायचा.

"तेल कधी खोटं बोलत नाही," महाराज सांगत. "दुसऱ्याचा मत्सर तुमच्या चेहऱ्यावर वितळतो. मी काही करत नाही, मी फक्त टिपतो."

फक्त टिपतो म्हणे! आणि टिपून झालं की जाताना प्रत्येकाच्या हातात खरखरीत करड्या साबणाची वडी आणि घरी लावायला सात कागदांचं पाकीट खपवतो, तो कोण मग? कागदावर कधी नावआडनाव येत नसे, यायचं ते नातं. तेही बाईचंच. महाराजांच्या तेलाला पुरुषांचं वावडं असावं. पण हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. डोकी जिन्याखाली चपलांबरोबर काढून ठेवली होती.

अशाच एका रविवारी घड्याळ दुरुस्त करणारा एक गृहस्थ सोळा वर्षांच्या मुलीला घेऊन तिथून घरी आला आणि त्याने टेबलावर एक कागद ठेवला. कागदावर शब्द होता, 'काकू'.

घरात काकू एकच. घड्याळवाल्याच्या धाकट्या भावाची बायको. भाऊ गेला, त्याच्या पुढच्याच वर्षी मुलीची आईही गेली. तेव्हापासून, म्हणजे मुलगी चार वर्षांची असल्यापासून, काकूनेच तिला वाढवलं होतं. पहाटे उठून बेकरीत जायचं, ट्रेला लोणी फासायचं, बन आणि केक पिशव्यांत भरायचे आणि मुलगी शाळेतून यायच्या आत घरी परतायचं, हा बारा वर्षांचा नेम. आणि आता हा कागद.

"भाऊजी, हा काय प्रकार आहे?" तिने विचारलं.

भाऊजींनी मान खाली घातली. जो माणूस डोळ्याला भिंग लावून केसाएवढी स्प्रिंग पकडतो, त्याला एवढी बाई समोर दिसेना. शेवटी तो पुटपुटला, की महाराज म्हणतात, ती व्यक्ती घराबाहेर गेली की अक्षरं पुसट होत जातात. आधी साबणाने नजर उतरते का, ते दोन रविवार बघू. नाहीच झाली पुसट, तर तू थोडे दिवस तुझ्या भावाकडे जाऊन ये. थोडे दिवस म्हणजे किती, ते काही त्याने सांगितलं नाही.

काकूला त्याचा राग आला, पण त्याहून जास्त लागलं ते मुलीचं. तिने काकू म्हणणंच सोडलं. "अगं" नाही, "ए" नाही, काहीच नाही. ताट वाढलं की गुपचूप घ्यायचं आणि न्हाणीघरात जाऊन त्या करड्या साबणाने तोंड घासायचं, दिवसातून सात वेळा. आठवडाभरात गालांची सालं निघाली. पुटकुळ्या होत्या त्या फुटून चिघळल्या. त्या रविवारी घासून कोरड्या पडलेल्या तोंडावर घरीच पाकिटातला कागद लावला तर अक्षरं खरंच पुसट दिसली आणि बापाला आनंद झाला. पोरीचं तोंड भाजल्यासारखं लाल झालंय, ते त्याला दिसलं नाही. काकूने मात्र तिथल्या तिथे साबणाची वडी खिडकीबाहेर भिरकावली. मुलीने तोंड फिरवलं. बाप म्हणाला, "बघ, तुलाच झोंबतंय."

सोमवारी काकू बेकरीत केकच्या पिशव्यांवर डिंकाने लेबलं चिकटवत होती. लोण्याचा केक पिशवीत पडला की तासाभरात कागद तेलकट होऊन आरपार दिसायला लागतो. मध्येच एक लेबल निसटून पडलं. सगळी पिशवी आरपार, आणि जिथे डिंक लागला होता तेवढाच चौकोन पांढराफेक. हे तिने बारा वर्षांत हजार वेळा पाहिलं असेल, पण आज तिचा हात तिथेच थांबला.

दुसऱ्या दिवशी तिने घरच्या पाकिटातला एक कागद लपवून आणला. लोणी फासलेल्या काळ्या ट्रेवर तो अलगद ठेवला. कागदातून ट्रेचा काळा रंग वर आला आणि त्यात पांढरी, ठसठशीत अक्षरं उमटली. काकू. ती एकटीच मोठ्याने हसली. मग तिचे डोळे भरून आले, कारण एवढ्याशा डिंकासाठी तिला घर सोडायला सांगत होते.

घरी जाऊन सांगितलं असतं तर भाऊजी म्हणाले असते, तूच काहीतरी केलंस. म्हणून ती गप्प राहिली आणि तिसऱ्या रविवारी दोघांच्या मागोमाग हॉलवर गेली. हातात कापडी पिशवी होती.

दाराशी एक गोड बोलणारी बाई वही घेऊन बसायची. "घरी कोण कोण असतं, कोणाशी जमत नाही" असं मायेने विचारायची आणि लिहून घ्यायची. काकूने तिला हळू आवाजात सांगितलं, "माझ्या कामावरची एक जण आहे हो. रोज तोंडावर तेलाचा थर. काळीसावळी आहे बिचारी, लाजून बसलीये, वर येत नाही. घरी मावशीबरोबर राहते, मावशी फार छळते. महाराजांनी नुसता कागद दिला तर मीच लावून आणेन." बाईने तत्परतेने लिहिलं आणि वही आत गेली.

काकूची पाळी आली तेव्हा महाराजांनी डोळे मिटले, पुटपुटले आणि एक कागद दिला. तो तिने तिथेच, सगळ्यांसमोर हातात घेतला, पिशवीतून लोणी फासलेला ट्रे काढला, टेबलावर ठेवला आणि कागद त्यावर दाबला.

लोक उठून पुढे झुकले. मग पुढच्या रांगेतल्या एकाने मोठ्याने वाचलं, "मावशी."

"बघा," काकू म्हणाली, "माझ्या ट्रेला मावशीची नजर लागली. बारा वर्षं रोज घासते मी याला, पण याला मावशी आहे हे मला आजच कळलं."

मागच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. महाराज गडबडले. लोण्याने कागद बाटला, असं काहीतरी म्हणू लागले. काकूने घरच्या पाकिटातला कागद शेजारी दाबला. 'काकू' वर आलं. मग तिने शांतपणे सगळं सांगितलं. कागदावर डिंकाने आधीच लिहून ठेवलेलं असतं. वाळलेला डिंक पांढऱ्या कागदावर दिसत नाही. तेल कागदात मुरतं, डिंकात मुरत नाही, म्हणून बाकीचा कागद आरपार होतो आणि अक्षरं तशीच राहतात. कोणाला कुठला शब्द द्यायचा ते दाराशीच वहीत ठरतं. आणि साबणाने तोंड खरवडून कोरडं केलं की तेल कमी, म्हणून अक्षरं पुसट. त्यासाठी कोणाला घरातून हाकलायची गरज नाही.

"भाऊजी," ती शेवटी म्हणाली, "भिंग खिशात आहे ना तुमच्या? लावा."

घड्याळवाल्याने पाकिटातला एक कोरा दिसणारा कागद उचलला, भिंग डोळ्याला लावलं आणि कागद उजेडाकडे तिरका धरला. "ब्रशचे फटकारे आहेत," तो म्हणाला. "डिंक वाळून कडा चमकतेय." ज्याचा धंदाच बारीक बघण्याचा, त्याने तीन रविवार काहीच बघितलं नव्हतं.

त्या गोंधळात महाराज ध्यानाला म्हणून आत गेले आणि मागच्या जिन्याने कधी उतरले ते कोणाला कळलं नाही. त्यांचं पितळ उघडं पडलं तरी सगळ्यांचं समाधान झालं असं समजू नका. एक बाई घरी जाताना म्हणत होतीच, "बाकीच्यांचं खोटं असेल, पण माझी वहिनी खरंच तसलीच आहे." अशा बाईला कागद कशाला हवा? तिला महाराजांचीही गरज नाही.

मुलीला काकूने, बापालाही बरोबर घेऊन, दुसऱ्याच दिवशी सरकारी दवाखान्यात त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी सोललेले गाल पाहिले आणि आधी बापाकडे रागाने बघितलं. मग मुलीला समजावलं. या वयात त्वचेखालच्या तेलाच्या ग्रंथी जोरात काम करतात. ते तेल म्हणजे मळ नाही, पाप नाही, ते त्वचेची राखणच करतं. सौम्य साबणाने दिवसातून दोनदा, घाम आला तर तेव्हा, तोंड धुवायचं. टॉवेलने घासायचं नाही, टिपायचं. वर हलकं, तेल नसलेलं क्रीम लावायचं आणि उन्हात जाताना उन्हापासून जपणारं. पुटकुळ्या फोडायच्या नाहीत. "आणि दोन महिने धीर धरायचा," बाई म्हणाल्या. "गोरं करून देतो, आठवड्यात घालवतो असं कोणी म्हणालं, तर तिथून सरळ उठायचं."

एवढं साधं होतं. आणि यापायी एक घर मोडत होतं. म्हणून सांगायचं ते एवढंच, की चमत्कार दिसला तर हात जोडायच्या आधी तो कागद मागून घ्या, आपल्या घरच्या तव्याला लावून बघा, आणि ज्याने तो दिला त्याला विचारा, की हा शब्द आधी कोणी लिहिला. न विचारता ज्यांच्यावर विश्वास ठेवाल ते महाराज उद्या दुसऱ्या गावात दुसरा कागद घेऊन बसतील. आणि त्यावरही तुमच्याच घरातलं माणूस लिहिलेलं असेल.

भाऊजींनी माफी मागितली, तीही घड्याळ उघडून बसलेले असताना, वर न बघता. काकूने ती घेतली की नाही, ते तिने कोणाला सांगितलं नाही. मुलगी मात्र आठवडाभर तिच्याशी बोलायला जाऊन परत फिरत होती. शरमेने तिला तोंड उघडता येत नव्हतं.

आठव्या दिवशी सकाळी न्हाणीघराचं दार किलकिलं झालं आणि ओला हात बाहेर आला.

"काकू, टॉवेल दे ना. घासणार नाही, टिपेन नुसता."

काकूने टॉवेल दिला, आणि बेकरीला जायला तिला त्या दिवशी उशीर झाला.