कुणाचाच नाही असा वार

सुताराला नाही म्हणता येत नसे. गिऱ्हाइकाला नाही, शेजाऱ्याला नाही आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना तर नाहीच नाही. सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

त्याचे वडील, नाना, जन्मभर टपाल वाटत पायी हिंडले. निवृत्त झाल्यावर पायांना करमेना, म्हणून पळायला लागले. सावकाश पळायचे, पण एकदा निघाले की कुठे थांबतील याचा नेम नसायचा. दोन गल्ल्या सोडून सासूबाई राहायच्या. त्या शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. त्यांच्या गॅरेजात गाडी कधी आलीच नाही. तिथे लोखंडी दांडे, वजनं आणि एक झिजलेली रबरी चटई होती. सत्तरीला टेकलेली ही बाई वजन उचलायला वाकली की बघणाऱ्याचीच कंबर धरायची.

आणि या दोघांच्या मधे होती सुताराची बायको. गेल्या वर्षी तिच्या पोटाचं मोठं ऑपरेशन झालं. कित्येक महिने ती पलंगावर होती. मग भिंत धरून चालली, मग गल्लीच्या टोकापर्यंत, आणि एक दिवस नानांच्या मागोमाग हळूहळू पळून आली. चहा पिता पिता म्हणाली, "यंदा मी टेकडीच्या शर्यतीत पळणार."

ही शर्यत नदीकाठाने जाऊन शेवटी टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीशी संपते. भल्याभल्यांना घाम फुटतो तो त्या शेवटच्या चढावर.

"तू एवढंच कर," ती नवऱ्याला म्हणाली, "त्या चढावर माझ्याबरोबर राहा. पुढे नको, मागे नको. बाजूला."

तिने काळीज मागितलं असतं तरी त्याने काढून दिलं असतं. तिने तर नुसता चढ मागितला होता. पण आपला भात्यासारखा वाजणारा श्वास त्याला ठाऊक होता. तो नानांकडे गेला.

नाना खुलले. "बोलता येईल अशा बेताने पळायचं. आणि लांब पळून आलास की दुसऱ्या दिवशी आडवा हो. समजलं?"

सासूबाईंच्या कानावर गेलं. "जावईबापू, नुसतं पळून चढ चढत नाही हो. मांडीत दम लागतो. खांद्यावर दांडा घ्या, बैठका मारा. आणि दुसऱ्या दिवशी मात्र पायांना अजिबात त्रास द्यायचा नाही."

दोघांचंही बरोबर होतं आणि सुतार दोघांनाही हो म्हणाला. नानांनी दिलेल्या सुट्टीच्या दिवशी तो गॅरेजात वजनं उचली, आणि गॅरेजाच्या सुट्टीच्या दिवशी नानांबरोबर नदीकाठाने पळे. दोघांनी त्याला विश्रांती भरपूर दिली होती, फक्त ती त्याच्या वाट्याला येत नव्हती. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तो हा असा.

आता तुम्ही म्हणाल, त्या दोघांनी एकमेकांना विचारायचं होतं. पण व्याही आणि विहीण असे प्रश्न विचारत नाहीत. पोराचे पाय लटपटताना नाना बघत आणि मनात म्हणत, विहीणबाईंच्या शिकवण्यात आपण कसं तोंड घालावं? जावई दांड्याखाली जांभया देतोय हे सासूबाई बघत आणि म्हणत, काही बोलले तर व्याह्यांना काय वाटेल? दोघांची अदब अशी उतू जात होती आणि बिचारा सुतार तीत भाजून निघत होता.

रात्री झोप धड लागेना. जेवण पुढे आलं की तोंड वाकडं होई. एका गिऱ्हाइकाच्या कपाटाचं दार त्याने बोटभर आखूड कापलं, आणि वर त्या गिऱ्हाइकावरच डाफरला. नडगी ठणकू लागली, तरी कुणाला पत्ता लागू दिला नाही. अजून थोडा जोर लावला की जमेल, असं त्याचं म्हणणं. शेवटी एका संध्याकाळी फळी घेऊन जिना चढताना तो मधल्याच पायरीवर बसला आणि त्याला उठता येईना. बायको धावत आली.

"तुझा चढ हुकणार," तो म्हणाला आणि त्याचे डोळे भरले. "मीच कमी पडलो. आणखी मेहनत करायला हवी होती."

ती त्याच्या खालच्या पायरीवर बसली. तिला राग आला होता आणि रडूही येत होतं.

"मी एवढे महिने पडून होते, तो काय आळस होता?" ती म्हणाली. "टाके डॉक्टरांनी घातले. पण आतलं भरून आलं ते मी पडून राहिले म्हणून. तू सांधा चिकटवून ठेवतोस तेव्हा कुणी नुसता हात लावला तर केवढ्याने ओरडतोस! आणि स्वतःला एक दिवस वाळू देत नाहीस?"

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पाय तपासला. हाड शाबूत होतं, पण असंच चाललं तर राहणार नाही, असं त्यांनी ठणकावलं.

संध्याकाळी बायकोने दोघा वडीलधाऱ्यांना स्वयंपाकघरात बसवलं. टेबलावर सात कप ओळीने मांडले. "हा सोमवार, तो रविवार. नाना, तुम्ही ज्या दिवशी याला पळवता त्या कपात चमचा टाका. आई, तू वजनांच्या दिवशी टाक."

चमचे टाकून झाले. एकही कप मोकळा राहिला नाही. दोघं एकमेकांकडे बघत राहिले.

"चूक माझीच, विहीणबाई."

"छे छे, तुमची कसली! मीच विचारायला हवं होतं."

"नाही, नाही, मोठा मी..."

"चूक कुणाची ते नंतर वाटून घ्या," बायको म्हणाली. "आधी वार वाटून घ्या."

सासूबाईंनी आपले तिन्ही चमचे उचलून नानांच्या कपांत टाकले. "पाय बरा झाला की सकाळी तुमचं कष्टाचं पळणं, संध्याकाळी माझी वजनं. काय पिळायचं ते एकाच दिवशी पिळू. पण दुसरा दिवस कोरा. आणि बैठका मी निम्म्यावर आणते."

"तोवर पळणं बंद, नुसतं चालणं," नाना म्हणाले. "आणि शर्यत जवळ आली की दोघांनीही हात आखडता घ्यायचा." एवढं बोलून त्यांनी आपला एक चमचा सरळ खिशात घातला.

चार कप मोकळे झाले. "हे वार कुणाचे?" सुताराने भीत भीत विचारलं.

"कुणाचेच नाहीत," दोघं एका सुरात म्हणाले. व्याही-विहिणींचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

पहिल्या कोऱ्या वारी सुतार रंध्याला धार लावायला बसला. बायकोने रंधा काढून घेतला. मग तो तिच्या शेजारी खिडकीत बसला आणि बसल्या बसल्या झोपला. जागा झाला तर ती तिथेच होती. हिच्यासाठी म्हणून आपण रोज घराबाहेर होतो, आणि हिच्याजवळ मात्र बसलोच नव्हतो, हे त्याला त्या दुपारी उमगलं. ही वाचली, आपल्या शेजारी आहे, आणि आपल्यासाठी झटणारी दोन म्हातारी माणसं पाठीशी आहेत. एवढं सुख आपण धावता धावता ओलांडून जाणार होतो, या विचाराने त्याला गहिवरून आलं.

शर्यतीच्या सकाळी शेवटच्या चढाशी ती दोघं पोचली तेव्हा सुताराच्या पायांत जीव होता. त्याचं त्यालाच नवल वाटलं. पण अर्ध्या चढावर बायको थबकली. रस्त्याकडेला एक बाक होता. तिने त्याच्याकडे बघितलं. पूर्वीचा सुतार असता तर म्हणाला असता, चल, थोडंच राहिलंय, जोर लाव. हा बाकावर बसला आणि सरकून तिला जागा दिली.

माणसं पुढे जात राहिली. वर टाकीशी नाना आणि सासूबाई टाचा उंचावून बघत होते.

"चल," थोड्या वेळाने तीच म्हणाली.

ती दोघं वर पोचली तेव्हा मागे फारसं कुणी उरलं नव्हतं. बायको हसत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. नाना म्हणाले, "ही सगळी विहीणबाईंच्या वजनांची करामत." सासूबाई म्हणाल्या, "भलतंच काय! दम वाढला तो तुमच्या पळण्याने."

सुताराने दोघांचे हात धरले. त्याला बरंच काही म्हणायचं होतं. शेवटी एवढंच म्हणाला, "उद्याचा वार कुणाचा?"

"कुणाचाच नाही!" दोघं एकदम म्हणाले.

"माझा," बायको म्हणाली.